‘कॉन्फिगच तर आहे’ म्हणण्याआधी

प्रश्न थोडक्यात: छोट्या टीममध्ये काम करणाऱ्या एका वाचकाचं पत्र आहे. ग्राहकांना सूचना पाठवणारी एक जुनी सेवा त्यांच्या गळ्यात पडली आहे. तिची कॉन्फिग फाईल, म्हणजे सेटिंगांची फाईल, यॅमल या फॉरमॅटमध्ये, हजारावर ओळींची, आणि तिच्या तीन प्रती: डेव्हलपमेंट, स्टेजिंग (चाचणीची जागा), प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती). टीम लीडचा नियम असा की कोडमध्ये काहीही हार्डकोड करायचं नाही, म्हणजे व्हॅल्यू थेट कोडात लिहायची नाही, ‘उद्या बदलावं लागलं तर?’ गेल्या महिन्यात लीडच्याच सांगण्यावरून या वाचकाने प्रॉडक्शनच्या फाईलमध्ये एका टाइमआउटची (उत्तराची किती वेळ वाट पाहायची त्याची) व्हॅल्यू ३० केली, सेकंद समजून. कोड ती मिलिसेकंदांत वाचत होता. बाहेरच्या सेवेकडे जाणारी जवळपास प्रत्येक विनंती फसली, सूचना तुंबल्या आणि नंतरच्या बैठकीत ‘एवढी साधी गोष्ट कशी चुकते?’ हे सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. या टीममध्ये कॉन्फिगच्या बदलाला ना रिव्ह्यू असतो, ना टेस्टिंग. यॅमलबद्दल तक्रारी आहेतच. आता पत्रलेखकाच्या मनात दोन पर्याय आहेत: सगळं टॉमल या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नव्याने लिहायचं, किंवा सगळं डेटाबेसमध्ये हलवून वर एक ॲडमिन स्क्रीन बांधायची. एक सहकारी म्हणतो, सगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्राम सुरू होताना त्याला बाहेरून मिळणाऱ्या व्हॅल्यूंमध्ये) टाका, हल्ली तसंच करतात. शेवटी जाता जाता असंही लिहिलंय की डेटाबेसचा पासवर्ड याच फाईलमध्ये आहे, ‘पण रेपो (कोडचा साठा) प्रायव्हेट आहे’. विचारलंय: कुणाचं बरोबर? मी काय निवडू?

उत्तर:

तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेलं वाक्य आधी घेऊ या, कारण बाकी सगळं पुढच्या महिन्यावर गेलं तरी चालेल, हे नाही.

रेपो प्रायव्हेट असला तरी तो टीममधल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर क्लोन झालेला असतो, बिल्ड सर्व्हरवर असतो, बॅकअपमध्ये असतो आणि नोकरी सोडून गेलेल्या एखाद्याच्या जुन्या डिस्कवरही असू शकतो. ती ओळ आज पुसून कमिट केलीत तरी बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या हिस्टरीत ती जशीच्या तशी राहते. म्हणून क्रम चुकवू नका. आधी पासवर्ड बदला, जुना बंद झाल्याची खात्री करा, मग तो फाईलमधून काढा. बरेच जण उलटं करतात: दोन दिवस हिस्टरी धुण्यात घालवतात आणि पासवर्ड मात्र तोच. जुना पासवर्ड निकामी झाला की हिस्टरीतली ती ओळ कुणाच्या काही कामाची नाही. नवा पासवर्ड सीक्रेट मॅनेजरमध्ये (गुपितं सांभाळणाऱ्या वेगळ्या सेवेत) ठेवा आणि सेवा सुरू होताना तिथून घ्या. सर्व्हरांवर सेवा चालवायला कुबरनेटिस ही प्रणाली वापरत असाल तर तिथल्या ‘सीक्रेट’ या नावावर भुलू नका. त्यातली व्हॅल्यू बेस-६४ मध्ये लिहिलेली असते, आणि ती कुणीही एका कमांडने उलटी वाचू शकतो. ते सीक्रेट कोण वाचू शकतं याची परवानगी आणि साठवतानाचं एन्क्रिप्शन वेगळं लावावं लागतं.

हे झालं की पुढचं वाचा.

तुम्ही विचारलंय, यॅमल की टॉमल की डेटाबेस. पण तुमच्या फाईलमधला ३० टॉमलमध्ये लिहिला असता तरी ३०च राहिला असता. डेटाबेसच्या कॉलममध्ये तो आणखी छान, चौकटीत बसलेला ३० दिसला असता. सूचना तुंबल्या त्या फाईलच्या फॉरमॅटमुळे तुंबल्या नाहीत. त्या आकड्याला एकक नव्हतं, तो बदल दुसऱ्या कुणी पाहिला नव्हता आणि ‘तीस मिलिसेकंद? नक्की?’ असं विचारण्याची सोय सेवेत नव्हती. या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट असती तरी त्या बैठकीत तुम्हाला काही ऐकावं लागलं नसतं. एककाचा उपाय तर फुकटातला आहे: की-च्या, म्हणजे सेटिंगच्या, नावातच ते लिहा. नुसतं ‘टाइमआउट’ नको, ‘टाइमआउट_सेकंद’ किंवा ‘टाइमआउट_मिलिसेकंद’. आकाराच्या मर्यादांनाही हेच लागू. एमबी की केबी, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडताच कामा नये.

आता लीडच्या नियमाकडे वळू. त्यांच्या बोलण्यामागे एक समजूत आहे, आणि तुम्हीही ती न तपासता धरून चालला आहात असं पत्रावरून वाटतं: कोड बदलणं जोखमीचं, कॉन्फिग बदलणं सुरक्षित. म्हणून जितकं कॉन्फिगमध्ये जाईल तितकं बरं. प्रत्यक्षात प्रॉडक्शनमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामचं वागणं जे बदलतं, ते सगळं सारख्याच जोखमीचं. उलट कॉन्फिग थोडं जास्तच, कारण कंपायलर त्याकडे पाहत नाही, टेस्ट त्याला शिवत नाहीत आणि ते क्षणात सगळीकडे पोचतं.

क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षेच्या कंपनीचं १९ जुलै २०२४चं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. विमानतळांवरचे पडदे निळे झाले होते. त्या दिवशी त्या कंपनीने नवं सॉफ्टवेअर सोडलं नव्हतं. सोडली होती कॉन्फिगरेशनची एक छोटी फाईल, चॅनल फाईल २९१. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती कधी घ्यायची हे ग्राहक ठरवू शकत होते, एक पायरी मागे राहू शकत होते. कॉन्फिगच्या फाईलला मात्र हे बंधन नव्हतं, ती थेट सगळ्यांकडे गेली. फाईलचा साचा २१ इनपुट धरून चालला होता आणि ती वाचणारा कोड २० पुरवत होता. एकविसावं शोधायला तो मेमरीत नको तिथे गेला आणि विंडोज कोसळलं. फाईल आधी तपासणारा प्रोग्राम होता, पण त्यातही दोष असल्याने ती पास झाली. ७८ मिनिटांत कंपनीने ती मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख मशिन्सना फटका बसला होता. तुमची सेवा एवढी मोठी नाही हे कबूल. पण ‘कॉन्फिगच तर आहे, थेट टाका’ हे वाक्य तिथेही तेच आणि तुमच्याकडेही तेच.

तेव्हा मागणी करायची असेल तर पहिली ही करा: कॉन्फिगचा प्रत्येक बदल कोडच्याच वाटेने जाईल. पुल रिक्वेस्ट (बदल आधी इतरांसमोर तपासणीला मांडणं), दुसऱ्याची नजर, आधी स्टेजिंग, मग प्रॉडक्शनच्या एखाद्या सर्व्हरवर, मग सगळीकडे. लीड म्हणतील, मग कॉन्फिगमध्ये ठेवून फायदा काय? प्रश्न रास्त आहे. फायदा बिल्ड न करता बदलण्याचा, न बघता बदलण्याचा नाही.

आणि हजार ओळींचं काय?

एक काम करा, यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. त्या फाईलवर गिट ब्लेम चालवा आणि प्रत्येक ओळ शेवटची कधी बदलली ते पाहा. माझा अंदाज आहे की बऱ्याचशा ओळी लिहिल्या गेल्या त्या दिवसापासून कुणी हलवलेल्या नाहीत, आणि तिन्ही प्रतींत त्यांची व्हॅल्यू एकच आहे. अशा ओळीला मी कॉन्फिग म्हणत नाही. तो कोडचाच भाग, चुकून बाहेर राहायला आलेला. त्याला नाव असलेला कॉन्स्टंट (न बदलणारी व्हॅल्यू) करून कोडमध्ये परत न्या. लीडना ज्या हार्डकोडिंगची धास्ती आहे ते म्हणजे एकच आकडा सतरा ठिकाणी नावाशिवाय पेरलेला असणं, आणि ती धास्ती योग्यच आहे. एका जागी, नीट नावाने, वर ‘हा आकडा का’ एवढी कॉमेंट घेऊन बसलेला कॉन्स्टंट त्यात मोडत नाही. उद्या खरंच बदलावा लागला तर एका ओळीची पुल रिक्वेस्ट पुरते.

मग फाईलमध्ये राहावं काय? प्रत्येक ओळीला विचारा: हिची व्हॅल्यू ठिकाणाप्रमाणे बदलते का (डेटाबेसचा पत्ता, लॉगची पातळी)? किंवा सेवा चालवणाऱ्याला ती रात्री-अपरात्री बदलायची गरज पडते का (किती विनंत्या एकावेळी, किती वेळा पुन्हा प्रयत्न)? दोन्हींचं उत्तर नाही आलं तर ती ओळ तिथे कशासाठी आहे हे सांगण्याची जबाबदारी तिला ठेवू पाहणाऱ्यावर. मी या बाबतीत जरा कडक आहे. कारण प्रत्येक पर्याय म्हणजे न घेतलेला एक निर्णय असतो, आणि तो घेण्याचं काम आपण अशा माणसावर ढकलतो ज्याच्याकडे आपल्यापेक्षा कमी माहिती आहे. तुमच्या पत्रातला तो माणूस तुम्हीच होतात.

काही ओळींत अटीही असतील, असं तुमच्या पत्रातल्या एका उल्लेखावरून वाटलं: ग्राहक अमुक प्रकारचा असेल तर तमुक टेम्प्लेट, रविवार असेल तर वेगळा. हा धंद्याचा नियम झाला. त्याची जागा कोडमध्ये, जिथे त्याला टेस्ट लिहिता येते. कॉन्फिगमध्ये अटी शिरल्या की मागोमाग व्हेरिएबल येतात, मग लूप, आणि एक दिवस आपण एक नवी, डीबगर नसलेली प्रोग्रामिंग भाषा जन्माला घातलेली असते. मेल सर्व्हर सेंडमेलचं हेच झालं. त्याची कॉन्फिग फाईल हाताने लिहिणं इतकं अवघड होऊन बसलं की ती एम-फोर या वेगळ्या भाषेतल्या मॅक्रोंतून तयार करायची प्रथा पडली. म्हणजे कॉन्फिग तयार करण्यासाठी आणखी एक कॉन्फिग.

तुमच्या फाईलमधले मेलेले फ्लॅगही, म्हणजे एखादी सोय चालू-बंद करणारी सेटिंगं, याच झाडाझडतीत सापडतील. ज्यांचं काम संपलंय ते काढा, आणि जुन्या फ्लॅगचं नाव नव्या कामाला चुकूनही वापरू नका. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीला २०१२च्या जुलैअखेर नवा कोड आठ सर्व्हरांवर टाकायचा होता, तो सातांवरच पोचला. नव्या कोडने एक जुना फ्लॅग नव्या अर्थाने वापरला होता. १ ऑगस्टला आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने कित्येक वर्षं न वापरलेलं जुनं फंक्शन जागं केलं, आणि ते ऑर्डरवर ऑर्डर सोडत राहिलं. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान. तिथेही कुणीतरी ‘फ्लॅग आहेच, तोच वापरू’ म्हटलं असणार.

आता फॉरमॅट, कारण तुम्ही विचारलंय. यॅमलबद्दलच्या तुमच्या तक्रारी खऱ्या आहेत. त्याच्या १.१ आवृत्तीत अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला ‘नो’ हा शब्द खोटं, म्हणजे बूलियन फॉल्स, ठरतो. देशांच्या दोन अक्षरी कोडच्या यादीत नॉर्वेचा कोड नेमका तोच, त्यामुळे यादीतून नॉर्वे गायब होऊन तिथे फॉल्स येतो. २००९मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीने हे सुधारलं, पण पायथनची पायवायएमएल लायब्ररी अजून जुन्याच नियमाने वाचते. तिथे पोर्टच्या जोडीसाठी २२:२२ लिहिलंत तर साठाच्या पटीत मोजून १३४२ मिळतात. आणि आवृत्ती ३.१० ही अवतरणचिन्हांशिवाय लिहिली की तिची ३.१ होते. जेसन या आणखी एका फॉरमॅटमध्ये हे घोळ नाहीत, पण कॉमेंट लिहिता येत नाही. लोक कॉमेंटमध्ये पार्सरसाठी (फाईल वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी) सूचना लिहू लागले म्हणून जेसन मांडणाऱ्या डग्लस क्रॉकफर्डने कॉमेंट मुद्दाम काढल्या. मशिनी एकमेकांशी बोलताना ते ठीक, पण जी फाईल माणूस रात्री दोनला उघडणार आहे तिच्यात ‘हा आकडा का’ लिहायची सोय हवीच. टॉमल मला आवडतं. टॉम प्रेस्टन-वर्नरने २०१३मध्ये ते काढलं, २०२१मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आणि पायथन ३.११पासून ते वाचायची सोय भाषेतच आहे. सपाट फाईलला उत्तम, खोल घरंगळत जाणाऱ्या रचनेला कंटाळवाणं.

पण तुम्ही बदलू नका. निदान आत्ता नाही. हजार ओळी नव्या फॉरमॅटमध्ये नेताना तुम्ही सगळा कचराही सोबत नेणार, आणि त्या प्रवासात एक-दोन व्हॅल्यू वाटेत बदलणार. आधी फाईल शंभर-दीडशे ओळींवर आणा. मग फॉरमॅटचा प्रश्न तेवढा छळणार नाही. तोवर यॅमलमधली प्रत्येक स्ट्रिंग अवतरणचिन्हांत लिहा, आणि पायथन असेल तर नुसत्या लोडऐवजी सेफ-लोड वापरा. साध्या लोडला असुरक्षित लोडर दिला तर तो फाईलमधून हवी ती पायथन ऑब्जेक्टं तयार करू शकतो, म्हणजे फाईल लिहिणाऱ्याला तुमच्या सर्व्हरवर कोड चालवायची मुभा.

तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं ज्या नियमावलीतून आलंय ती म्हणजे ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’, हेरोकू या क्लाउड कंपनीच्या मंडळींनी २०११च्या सुमारास मांडलेली. तिचा तिसरा नियम, कॉन्फिगविषयीचा, खरंच मोलाचा आहे: हा कोड या क्षणी जगासाठी खुला केला तर कुठलं गुपित उघडं पडेल का, ही कसोटी तिथलीच. ती तुमच्या फाईलला लावली तर निकाल काय येतो ते आपण वर पाहिलंच. पण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे नुसत्या स्ट्रिंगा. यादी नाही, रचना नाही, आकडाही नाही. ‘फॉल्स’ असा शब्द आला आणि तुम्ही तो पायथनमध्ये थेट बूलियन केलात तर उत्तर खरं येतं, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग तिथे खरीच. शिवाय सेवेने सुरू केलेल्या प्रत्येक उपप्रक्रियेला ती आपोआप मिळतात, आणि क्रॅशच्या रिपोर्टमध्ये छापलीही जाऊ शकतात. पाच-दहा व्हॅल्यूंसाठी ठीक. शंभर झाल्या की तीच जुनी फाईल, फक्त आता कुठे लिहिली आहे हे कुणाला ठाऊक नाही.

डेटाबेस आणि ॲडमिन स्क्रीन हा पर्याय मला तुमच्यासाठी सगळ्यात घातक वाटतो. ज्या दिवशी स्क्रीनवर ‘सेव्ह’चं बटण आलं त्या दिवशी रिव्ह्यू गेला, गिटची हिस्टरी गेली, काल काय होतं ते परत आणायची सोयही गेली. हे सगळं तुम्हाला पुन्हा हाताने बांधावं लागेल. आणि डेटाबेसचा पत्ता ठेवायला शेवटी एक फाईल लागेलच. टीमबाहेरची, कोड न लिहिणारी माणसं रोज काही बदलत असतील, समजा सूचनांचा मजकूर किंवा पाठवण्याच्या वेळा, तर तेवढ्यापुरती स्क्रीन जरूर बांधा, कुणी-कधी-काय बदललं याच्या नोंदीसकट. पण मी त्याला कॉन्फिग म्हणणार नाही, तो तुमच्या ॲप्लिकेशनचा डेटा.

तीन प्रतींचा गुंता सोडवायला एक पायाभूत फाईल ठेवा आणि प्रत्येक ठिकाणासाठी फक्त वेगळेपणाची छोटी फाईल. प्रॉडक्शन आणि स्टेजिंगमधला फरक एका स्क्रीनवर मावला पाहिजे. मावत नसेल तर स्टेजिंगवरच्या टेस्टिंगवर फार विसंबू नका. कुणावर कुणाची मात होणार हा क्रम एकदाच ठरवा आणि फाईलच्या डोक्यावर लिहा. रूढ क्रम असा: कोडमधला डिफॉल्ट, त्यावर फाईल, त्यावर एन्व्हायर्नमेंट, सगळ्यात वर कमांड लाइन. ‘ही व्हॅल्यू आली कुठून?’ याचं उत्तर सेवेलाच देता यावं. गिटमध्ये ‘शो-ओरिजिन’ हा पर्याय दिला की प्रत्येक सेटिंगपुढे ते कुठल्या फाईलमधून आलं ते छापून येतं. ही युक्ती खुशाल उचला.

आणि ज्याने तुमचा तो दिवस वाचला असता ते: सेवा सुरू होतानाच कॉन्फिगची पूर्ण तपासणी. प्रत्येक की-चा प्रकार, किमान-कमाल मर्यादा, आणि अनोळखी की दिसली तर सरळ सुरू व्हायला नकार. हे शेवटचं लोकांना जाचक वाटतं, पण ‘रिट्राय’च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर ती ओळ मुकाट्याने दुर्लक्षित होते आणि डिफॉल्ट चालत राहतो. मग तीन महिन्यांनी कळतं की आपला बदल कधी लागूच झाला नव्हता. तपासणी वेगळ्या कमांडनेही चालवता आली पाहिजे, सेवा न थांबवता. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये त्यासाठी ‘-टी’ आहे, आणि लिनक्सवर प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या सुडोची फाईल विसुडोमधून बदलली तर ती सेव्ह होताना व्याकरण तपासून मगच स्वीकारली जाते. तुमची तशी कमांड बिल्डमध्ये टाका. सुरू होताना लागू झालेली पूर्ण कॉन्फिग लॉगमध्ये छापा, गुपितं झाकून.

लीडशी बोलायचं कसं? ‘तुमचा नियम चुकीचा आहे’ असं म्हणत जाऊ नका, निम्मा नियम बरोबरच आहे. ब्लेमचा निकाल समोर ठेवा: इतक्या ओळी, त्यातल्या कधीच न बदललेल्या इतक्या. आणि त्या दिवसाच्या घटनेची नोंद टीमने लिहिली असेल, तर कारणाच्या रकान्यात तुमचं नाव किंवा ‘मानवी चूक’ एवढंच असू नये. ‘एकक नसलेली की, रिव्ह्यू न झालेला बदल, तपासणी न करणारी सेवा’ हेही तिथे यावं, यासाठी शांतपणे आग्रह धरा. ही नोंद नंतर तुमच्या जागी येणारा माणूस वाचणार आहे.

सुरुवात टाइमआउटांच्या नावांपासून करा. जुनं नाव काही आठवडे चालू ठेवा, पण ते वापरलं गेलं की लॉगमध्ये इशारा येऊ द्या, म्हणजे कुठली प्रत अजून मागे आहे ते कळेल. मग कॉन्स्टंट, एकावेळी दहा-पंधरा, एका पुल रिक्वेस्टमध्ये तेवढेच, म्हणजे पाहणारा खरोखर पाहील.